पान संपते तिथे: हाताने केलेल्या छोट्या पुस्तकाविषयी



पुस्तकांवर ज्यांनी आयुष्यभर माया केली त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या सभेत ग्रंथव्यवहाराच्या मोठ्या प्रश्नांवर बोलण्याची रीत आहे. मी आज एका लहान वस्तूवर बोलणार आहे. कागदाच्या घड्या घालून, सुईदोऱ्याने शिवून, स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहून केलेले तळहाताएवढे पुस्तक ही ती वस्तू. सुट्टीतल्या शिबिरांत आणि शाळेच्या हस्तकलेच्या तासाला अशी पुस्तके होतात. मुले ती हौसेने करतात, मुखपृष्ठावर टिकल्या चिकटवतात, रंगीत फीत बांधतात आणि आतली पाने बहुतेक वेळा कोरीच राहतात. प्रदर्शन झाले की पुस्तक कपाटात जाते. त्या कोऱ्या पानांबद्दल माझी तक्रार आहे. पुस्तक म्हणजे कोणीतरी घेतलेल्या अनेक निर्णयांची बेरीज असते, आणि हे सगळे निर्णय एका माणसाला, तेही नऊ-दहा वर्षांच्या मुलाला, स्वतः घेता येतील असे छोटे हस्तलिखित पुस्तकाइतके सोपे साधन दुसरे नाही, असे माझे म्हणणे आहे. म्हणूनच ते हस्तकलेच्या कपाटातून काढून भाषेच्या तासाच्या मध्यभागी ठेवले पाहिजे.

पुराव्यासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातील हॉवर्थ या गावाकडे वळतो. तिथले धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी यांच्या पत्नीचा १८२१ साली मृत्यू झाला, आणि १८२५ मध्ये दोन थोरल्या मुली निवासी शाळेतून आजारी होऊन आल्या त्या वाचल्या नाहीत. मागे राहिली शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन ही चार भावंडे. जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी लाकडी सैनिकांची पेटी आणली. चौघांनी एकेक सैनिक आपला म्हणून निवडला. शार्लटने आपल्या सैनिकाला वेलिंग्टन केले, ब्रॅनवेलने बोनापार्ट. या सैनिकांसाठी मुलांनी राज्ये वसवली, शहरे उभारली, आणि त्या शहरांतल्या लोकांना वाचायला हवे म्हणून त्यांच्या बेताची पुस्तके केली. घरात 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' हे प्रौढांचे मासिक येई. त्याच्या धर्तीवर १८२९ च्या आरंभी ब्रॅनवेलने सैनिकांचे मासिक काढले, आणि त्याच वर्षी ते शार्लटच्या हाती आले. कागद महाग होता, त्यावर सरकारी कर होता. मुलांनी हाती येतील ते तुकडे वापरले आणि साखरेच्या पुड्यांचा जाड कागद वेष्टनाला घेतला. या मासिकाचा, म्हणजे 'यंग मेन्स मॅगझिन'चा, १८३० सालचा एक अंक २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात हॉवर्थच्या ब्राँटी संग्रहालयाने ६ लाख युरो बोलीला विकत घेतला. त्याचे माप ३५ मिलिमीटर बाय ६१ मिलिमीटर आहे, म्हणजे आगपेटीच्या जवळपास. पृष्ठे मोजली तर वीस, आणि त्यांत चार हजारांहून अधिक शब्द. शार्लट तेव्हा चौदा वर्षांची होती.

या अंकांची आज मिळणारी किंमत माझ्या कामाची नाही. कामाचा आहे तो त्यांतला ऐवज. शीर्षकपृष्ठ आहे. लेखकाचे नाव आहे, आणि ते बहुतेक वेळा सैनिकांपैकी कोणाचे तरी आहे. प्रकाशक आणि विक्रेता म्हणून सार्जंट ट्री नावाचे एक काल्पनिक गृहस्थ आहेत. अनुक्रमणिका आहे, महिना आणि वर्ष आहे, कथा आणि कविता आहेत, चित्रांवरचे अभिप्राय आहेत, शेवटी जाहिरातीसुद्धा आहेत. अक्षर जुळवलेल्या छपाईच्या खिळ्यांसारखे काढले आहे. मुलांनी फक्त गोष्ट लिहिली असती तर ती लेखक झाली असती. पुस्तक करायला घेतल्यामुळे ती लेखक, संपादक, मुद्रक, बांधणीकार, विक्रेता आणि टीकाकार अशी सगळी झाली. तेरा वर्षांच्या शार्लटने १८२९ मध्ये केलेले दहा कवितांचे एक पुस्तक शंभरेक वर्षे लोकांच्या नजरेआड होते. ते २०२२ मध्ये साडेबारा लाख डॉलरना विकले गेले आणि देणगी म्हणून हॉवर्थला परत आले. त्याच्या शीर्षकपृष्ठावर तिने स्वतःच नोंदवले आहे की हे पुस्तक कोणी विकत नाही आणि ते तिने स्वतः छापले आहे. शीर्षकातला एक शब्द अशुद्ध आहे. पण छापणारा कोण आणि विकणारा कोण, हे सांगायची जागा पुस्तकात असते, एवढे त्या मुलीला पक्के ठाऊक आहे.

आता पुस्तक प्रत्यक्ष कसे होते ते पाहू, कारण माझा मुद्दा त्या कृतीतच दडलेला आहे. नेहमीचा ए-चार कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. त्याला तीनदा घडी घातली की ७४ बाय १०५ मिलिमीटरची आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे, हाती येतात. छापखान्यात याच रीतीने सोळा पृष्ठांचा फर्मा होतो. घडी उलगडून पृष्ठांचे आकडे घालायला बसले की मूल थबकते. कागदाच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पृष्ठे येतात, उरलेली दुसऱ्या बाजूला, आणि त्यांतली निम्मी उलटी. कण्याच्या घडीच्या दोन्ही अंगांना शेजारी येणाऱ्या पृष्ठांची बेरीज दर वेळी सतरा भरते. वाचताना एकामागून एक येणारी पृष्ठे कागदावर मात्र दूर दूर असतात, आणि त्यांची जागा आधी ठरवल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नाही. मग शिलाई. मधल्या घडीवर तीन भोके पाडायची, सुई मधल्या भोकातून घालून वरच्या आणि खालच्या भोकातून फिरवून पुन्हा मधल्यातच आणायची, आणि उभ्या लांब टाक्याला कवेत घेऊन गाठ मारायची. गाठ टाक्याच्या एकाच बाजूला पडली तर शिलाई सैल होते. कागदातल्या तंतूंनाही दिशा असते. तंतू कण्याला समांतर असतील तर पान सहज उलटते, आडवे असतील तर अडून राहते. मोठ्या पुस्तकात पान स्वतःच्या वजनाने खाली पडते. छोट्या पानाला तेवढे वजन नसल्यामुळे तंतूंची चूक लगेच उघडी पडते आणि पुस्तक हातात मिटू लागते. कडा शेवटी कापायच्या, कारण घडीच्या आतली पाने बाहेरच्या पानांपेक्षा किंचित पुढे सरकलेली असतात. यातली एकही गोष्ट सजावटीची नाही. प्रत्येक गोष्टीचा वाचण्याशी संबंध आहे.

मजकुराचा हिशोब याहून महत्त्वाचा. या सोळा पृष्ठांतून शीर्षकपृष्ठ, प्रकाशनाची माहिती, अनुक्रमणिका आणि मलपृष्ठ वगळले तर बारा पृष्ठे उरतात. चारही बाजूंना एकेक सेंटीमीटर समास सोडला की लिहायला ५४ बाय ८५ मिलिमीटर जागा मिळते. इंग्रजी अक्षरे मुलाला बरीच दाटीने बसवता येतील. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार असतात, खाली उकार आणि रुकार असतात, आणि जोडाक्षरे खाली उतरतात. दोन ओळींत आठेक मिलिमीटर अंतर ठेवले नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणजे पृष्ठावर दहा ओळी, ओळीत चारेक शब्द, आणि बारा पृष्ठांत मिळून पाचशेच्या आत शब्द. सांगायला मूल दोन हजार शब्दांची गोष्ट घेऊन आलेले असते. इथे त्याच्यासमोर लेखनातला खरा प्रश्न उभा राहतो: काय ठेवायचे आणि काय सोडायचे? वहीत हा प्रश्न येत नाही, कारण वही संपली तर दुसरी मिळते. निबंधात शब्दमर्यादा शिक्षकांनी घातलेली असते आणि ती त्यांच्यासाठी पाळायची असते. छोट्या पुस्तकातली मर्यादा मुलाने आपल्या हाताने घडी घालून निर्माण केलेली असते. पान संपते, आणि पुढे काय करायचे हे ठरवायला दुसरे कोणी नसते.

मर्यादेने लेखन कसे घडते याचा एक नामांकित दाखला राणी मेरीच्या बाहुलीघरात आहे. एडविन लट्येन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात एकास बारा या प्रमाणात रचलेले हे घर विंडसरच्या किल्ल्यात आजही पाहता येते. त्यातल्या ग्रंथालयासाठी त्या काळच्या लेखकांना हस्तलिखित पुस्तके मागण्यात आली. आर्थर कॉनन डॉइल यांनी त्यासाठी शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची एक गोष्ट लिहिली. ती सुमारे पाचशे शब्दांची आहे. ही मोठ्या कथेची काटछाट नाही. एकच प्रसंग, दोनच माणसे, एकच कलाटणी, असा तिचा बांधाच त्या मापासाठी योजलेला आहे. मुरलेल्या लेखकाने जे माप पाहून केले, तेच मुलालाही माप पाहून शिकता येते.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे, आणि तो ब्राँटी भावंडांच्याच पुस्तकांवरून घेता येईल. त्यांनी तर वीस पृष्ठांत चार हजार शब्द कोंबले, म्हणजे पृष्ठामागे दोनशे. मर्यादेने त्यांना थोडक्यात लिहायला कुठे शिकवले? खरे आहे. मर्यादेला सामोरे जायचे दोन मार्ग असतात. अक्षर लहान करायचे, नाही तर मजकूर थोडा करायचा. ब्राँटी मुलांनी पहिला धरला, कारण मोठ्यांना वाचता येऊ नये हीही त्यांची इच्छा असावी. तरीही अंक कुठे संपवायचा, कोणती गोष्ट आधी घ्यायची, कवितेला किती जागा द्यायची हे निर्णय त्यांना टळले नाहीत. आपल्या मुलांना मात्र मी दुसरा मार्ग सांगेन. बारीक अक्षर काढण्याची सक्ती डोळ्यांना त्रास देते, आणि शार्लट स्वतः फार अधू दृष्टीची होती. अक्षर नेहमीचेच असावे. पुस्तकाचा लहानपणा शब्दांच्या निवडीतून यावा.

निव्वळ लहानपणाला स्वतःची किंमत नसते, हे ग्रंथांच्या इतिहासातही दिसते. कोलोनच्या विद्यापीठात जपलेले, मानीपंथाचा संस्थापक मानी याचे चरित्र चर्मपत्रावरचे ग्रीक हस्तलिखित आहे. त्याची उंची सुमारे साडेचार सेंटीमीटर आणि पृष्ठे १९२. ते हाताने लिहिलेले आहे, उघडून वाचण्याजोगे आहे, आणि आज मानीपंथाच्या इतिहासाचे एक मुख्य साधन मानले जाते. १९०० च्या सुमारास ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइस यांनी कुराणाची इवलीशी आवृत्ती काढली आणि भिंग बसवलेल्या धातूच्या डबीत ती विकली. श्रद्धावानाला ते सोबत बाळगायला मिळाले, ही मोलाची गोष्ट होती, पण तिथे लहान करण्याचे काम कॅमेऱ्याने केले होते. २००७ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आयनांच्या झोताने कोरलेले पुस्तक ७० बाय १०० मायक्रोमीटरचे आहे. ते वाचायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तंत्राची ही कामगिरी थोरच, पण तिथे हात आणि डोळा दोन्ही बाजूला राहतात. मी ज्या पुस्तकाची बाजू मांडतो आहे त्याच्या लहानपणाची सीमा हाताने आखायची आहे. घडी घालता येईल, सुई चालेल आणि मित्राला वाचता येईल, एवढेच लहान.

दुसरा आक्षेप प्रतिभेचा. ब्राँटी बहिणी असामान्य होत्या, त्यांच्यावरून सर्वसामान्य मुलांचा नियम कसा काढायचा? छोटी पुस्तके केल्याने मुले थोर लेखक होतात असा दावा मी करत नाही, आणि तो करता येणार नाही याचा पुरावा त्याच घरात आहे. ब्रॅनवेलने बहिणींइतक्याच उत्साहाने पुस्तके केली, मासिकाचा आरंभही त्याचाच, पण लेखक म्हणून त्याला यश आले नाही. शिवाय या पुस्तकांतला बराच मजकूर अनुकरणाचा आहे. माझा दावा याहून साधा आहे आणि तो कागदोपत्री तपासता येतो. जानेवारी १८४६ मध्ये तिघी बहिणींनी आपल्या खर्चाने कवितासंग्रह छापायचे ठरवले, तेव्हा शार्लटने आयलॉट अँड जोन्स या प्रकाशकांना पत्रे लिहिली. त्यांत पुस्तकाचा आकार, कागदाची प्रत आणि खिळ्याचे माप कसे हवे, हे वर्ड्‌स्वर्थच्या एका आवृत्तीचा दाखला देऊन तिने कळवले आहे. खेड्यात राहणारी, एकही पुस्तक प्रसिद्ध न झालेली स्त्री छापखान्याशी या भाषेत बोलते, कारण वीस वर्षांपूर्वीपासून ती पुस्तके करत आली होती. तो संग्रह पहिल्या वर्षी दोन प्रतींपलीकडे खपला नाही, तरी पुस्तक कोणीतरी घडवावे लागते ही समज तिच्याजवळ होतीच. आणि २०१९ मध्ये घरी आलेल्या त्या अंकात पलंगाच्या पडद्यांना आग लागण्याचा एक प्रसंग आहे. तिच्या १८४७ च्या 'जेन एअर' या कादंबरीत तसाच प्रसंग किती मोठ्या तयारीने येतो, हे वाचकांना सांगायला नको.

तिसरा आक्षेप आजच्या साधनांचा. संगणकावर मूल अर्ध्या तासात सुबक पुस्तक मांडते, मग सुईदोरा कशाला? पडद्याशी माझे भांडण नाही. पण पडद्यावरचा मजकूर पुढे सरकत राहतो. चार ओळी वाढल्या की नवे पान आपोआप येते, अक्षर लहान करायला एक कळ पुरते, पृष्ठांचा क्रम यंत्र लावते. ज्या ठिकाणी निर्णय घ्यायचा असतो नेमके तिथे यंत्र तो घेऊन टाकते. ज्याला हे निर्णय माहीत आहेत त्याला यंत्र उपयोगी पडते. ज्याला ते कधी भेटलेच नाहीत, त्याला पुस्तक झाडाला फळ लागावे तसे आपोआप आलेले वाटते. अशा वाचकाच्या मनात प्रश्न उठत नाही की हे इथेच का संपवले, हे कोणी वगळले, हे आधी का आले. छापील किंवा पडद्यावरच्या कोणत्याही मजकुराकडे सावधपणे पाहायला शिकवायचे असेल, तर मुलाने एकदा तरी स्वतः काहीतरी वगळलेले असावे.

शिक्षकांचा आक्षेप सगळ्यांत व्यावहारिक आहे. वर्गात पन्नास मुले, तासिका मोजक्या, आणि पालकांना गुण हवे असतात. म्हणून तर मी एका कागदाचे पुस्तक सुचवतो. मुलागणिक दोन-तीन कागद, वर्गात थोड्या सुया, दोऱ्याचे एक रीळ आणि वेष्टनाला जुन्या दिनदर्शिकेचे पान, एवढ्यात ते होते. वेळेची अडचण मुख्यतः वाटणीतून येते. घडी आणि शिलाई कार्यानुभवात गेली, मजकूर मराठीत गेला, पृष्ठांची बेरीज गणितात गेली, आणि पुस्तक कोणत्याच तासाला पूर्ण झाले नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. हस्तव्यवसाय हा शिक्षणातला आणखी एक विषय न राहता बाकीचे विषय त्याच्या आधाराने शिकवले जावेत, हा तिचा गाभा होता. ती योजना पुढे का मंदावली याची कारणे वेगळी आहेत. पण मराठी, गणित आणि हाताचे काम यांना एकाच वस्तूत आणणारा उद्योग शोधायचा, तर तळहाताएवढे पुस्तक याहून सोयीचे काय आहे? बांधणीचे जाणकार म्हणतील की अशा घाईने कारागिरी उथळ होते. त्यांच्यासाठी कसोट्या ठेवू: पुस्तक पूर्ण उघडले पाहिजे, पान सुटता कामा नये, क्रम चुकता कामा नये. या तीन कसोट्यांना उतरल्याशिवाय मुखपृष्ठावर एकही टिकली लावू नये.

आपल्याकडे या कामाला परंपरेचा आधारही आहे. शाळा-महाविद्यालयांतून निघणारे हस्तलिखित अंक मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत. त्यांनी अनेकांना लिहिते केले. पण हस्तलिखितात निवड संपादक मंडळ करते, सुवाच्य अक्षराचा एखादा विद्यार्थी सगळ्यांचा मजकूर उतरवतो, आणि अंक एकच असतो. तिथे बहुतेकांच्या वाट्याला एक पान येते, पुस्तक येत नाही. छोट्या पुस्तकात प्रत्येकाचे पुस्तक असते. आणि हॉवर्थच्या लाकडी सैनिकांचे जग आपल्या मुलांना परके नाही. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांवर महाराज, मावळे, तोफा आणि बाजारपेठ असते, अळीव पेरून हिरवळही केलेली असते. मुले त्या किल्ल्याला नाव देतात, त्याचा इतिहास तोंडी सांगतात आणि बघायला आलेल्यांना माहिती देतात. फक्त ते कोणी लिहून ठेवत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बसून राजाराम महाराजांसाठी शिवचरित्राची बखर लिहिली, त्या परंपरेच्या प्रदेशात मुलांच्या किल्ल्याला बखर नसावी, याला काही कारण नाही. किल्ला दिवाळी संपताच विरघळतो. त्याच्या पायथ्याशी सोळा पृष्ठांची बखर ठेवायला सांगितली, तर किल्लेदार कोण, वेढा कोणी घातला, पाणी कुठून येते, हे सगळे पाचशे शब्दांत ठरवावे लागेल. ती मुले इतिहास वाचतील तेव्हा प्रत्येक बखरीतही असेच काही ठेवलेले आणि काही सोडलेले असते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असेल.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. शाळेने वर्षातून एकदा प्रत्येक मुलाकडून असे एक पुस्तक पूर्ण करून घ्यावे, लिहिलेले आणि शिवलेले. आणि शाळेच्या ग्रंथालयाने ती पुस्तके काचेमागे न मांडता नोंदवहीत दाखल क्रमांक देऊन कपाटात लावावीत आणि इतर मुलांना घरी वाचायला द्यावीत. वाचणारा मिळेपर्यंत पुस्तक अर्धवटच असते. आपल्या पुस्तकातले एखादे पान समजले नाही असे वर्गातल्या मुलाने येऊन सांगितले, की पुढच्या वर्षीचे पुस्तक अधिक नेटके होईल, कारण कोणासाठी लिहायचे हे तोवर कळलेले असेल. वाचनसंस्कृती घटते आहे अशी चिंता आपण सभांतून व्यक्त करतो आणि उपाय म्हणून मुलांच्या हातात आणखी पुस्तके देतो. ती द्यावीतच. त्याबरोबर एक कागद, एक सुई आणि चार तासिका द्याव्यात, आणि पुस्तकाचा अधिकार त्यांच्या हाती सोपवावा.